कापणी करणाऱ्यांची मजुरी

(आधार : याकोबाचे पत्र, अध्याय ५, वचन ४)



याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट आहे. शेताच्या धन्याने कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवली आहे. मजूर गरीब; गावात त्यांचे ऐकणारा कोणी नाही. तेव्हा ओरडते कोण? ती अडकवलेली मजुरीच ओरडते. धन्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेल्या पैशास तोंड फुटते, आणि त्याच्या पाठोपाठ कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाऊन पोहोचतो. जो पैसा आपला म्हणून धनी रात्री मोजून ठेवतो, तोच त्याच्याविरुद्ध साक्षीदार होऊन उभा राहतो.

हे पत्र बाजारात वाचण्यासाठी लिहिले नव्हते. ते मंडळ्यांत वाचले जावे म्हणून लिहिले होते. म्हणून हे वचन वेशीबाहेरच्या कोणा सावकारासाठी आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एके काळी बहुतेक सर्वच जण दुसऱ्याच्या शेतावर राबणारे होते. आज तसे राहिले नाही. एकाच सतरंजीवर दोन्ही प्रकारचे लोक शेजारी शेजारी बसतात. एक जण खुरपणीस जातो, दुसरा खुरपणीस बाया बोलावतो. एक कोयता घेऊन कारखान्यावर जातो, दुसरा त्यालाच उचल देऊन नेणारा मुकादम असतो. कोणाची वीटभट्टी आहे, कोणाचे स्टँडवर चहाचे हॉटेल आहे, कोणाची पिठाची गिरणी आहे. प्रभूने ज्यांना थोडेबहुत दिले, त्यांच्या हाती आता दुसऱ्याची भाकर आली आहे. तेव्हा दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कसे ठरवावे हा प्रश्न आमच्या मंडळीच्या आतलाच आहे.

मजुरी ही देणगी नव्हे

पहिली गोष्ट ही की, मजुरी म्हणजे धन्याने केलेला उपकार नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, मजुराचा रोज सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू देऊ नये अशी आज्ञा आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर सूर्य मावळण्यापूर्वी तो द्यावा असे सांगून कारणही दिले आहे : मजूर गरीब आहे व त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला आहे. मजूर आपल्या भाऊबंदांतला असो की परका असो, नियम एकच. ही आज्ञा दानधर्माच्या आज्ञांत मोडत नाही. लेवीयात ती चोरी व जुलूम यांच्या मनाईबरोबर एकाच वचनात बसवलेली आहे. म्हणजे काम झाले त्या घटकेसच तो पैसा मजुराचा झाला. त्यानंतर तो धन्याच्या कनवटीस राहिला, तर तो दुसऱ्याचा पैसा तेथे राहिला.

ही गोष्ट मनात ठसली म्हणजे आपली बोलण्याची रीत बदलेल. “आम्ही त्याला पोसतो,” असे पुष्कळ धनी म्हणतात. खरे पाहता ज्याच्या घामाने पीक घरात आले, तोच धन्याला पोसत असतो.

कोयत्याचा हिशेब

आता आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. याकोबाने कापणी करणाऱ्यांविषयी लिहिले. आपल्या मुलखात कापणी करणारे म्हणजे ऊसतोडणी कामगार. बीड, अहिल्यानगर, जालना वगैरे जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. या मंडळ्यांतीलही किती तरी घरे त्या दिवसांत कुलूपबंद असतात, आणि नाताळच्या उपासनेत म्हाताऱ्याकोताऱ्यांवाचून कोणी दिसत नाही.

या धंद्यात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचे लग्न किंवा दवाखाना समोर उभा असतो, तेव्हा मुकादम उचल देतो. मग हंगामभर ते जोडपे ती उचल फेडीत ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. राहण्यास पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनास सुमारे ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने दिवसात दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दोन माणसांचे मिळून सुमारे ७३० रुपये होतात. आणि तो दिवस बहुधा पहाटेच्या अंधारातच सुरू होतो. एखादा दिवस आजारपणाने गेला, तर तो ‘खाडा’. त्याचे पैसे कापले जातात. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते, आणि माणूस जागचा हलू शकत नाही.

या खाड्याची किंमत स्त्रियांनी कशी भरली हे २०१९ साली उघड झाले. शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक आहेत, आणि वैद्यकीच्या बाजारात चाललेला लोभ हेही त्यांतील एक. परंतु मासिक दुखण्याने एक दिवस बसले की पैसे कापले जातात, ही भीतीही त्यामागे होती असे कित्येक बायांनी सांगितले. बंधूंनो, जो हिशेब कागदावर बरोबर दिसतो, तो परमेश्वराच्या दृष्टीने किती चुकीचा असू शकतो हे यावरून पाहा. वहीत फक्त “खाडा एक” एवढेच लिहिलेले असते.

“त्याने राजीखुशीने कबूल केले”

येथे पुष्कळ जण उत्तर देतात की, आम्ही कोणावर जबरदस्ती केली नाही. दर ठरवूनच काम दिले. त्याने राजीखुशीने अंगठा केला. हे उत्तर वरवर पाहता खरे वाटते. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

पोटात भूक असताना केलेला करार हा राजीखुशीचा करार असतो काय? आपल्या देशाच्या घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी व सक्तीची मजुरी मना केली आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यात न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी पैशांत जो मनुष्य काम करतो, तो गरजेच्या सक्तीने करतो असे समजावे, आणि अशी मजुरी ही घटनेने मना केलेली सक्तीची मजुरी होय. सक्ती करण्यास चाबूकच लागतो असे नाही; रिकामी चूलही सक्ती करते. जे न्यायाधीशांना दिसले, ते शुभवर्तमान ऐकणाऱ्यास दिसू नये काय?

शास्त्रातही असा एक करार आहे. इसहाकाचा पुत्र याकोब हा आपला मामा लाबान याच्याकडे राहिला. तो घरातून पळालेला, परमुलखात एकटा पडलेला होता. लाबान गोड बोलून दर ठरवी व मागाहून तो फिरवी. दहा वेळा त्याने मजुरी बदलली, अशी तक्रार उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. प्रत्येक वेळी याकोब कामावर राहिलाच. कारण जाणार कोठे? लाबानालाही म्हणता आले असते की, त्याला मी बांधून ठेवले नव्हते. परंतु परमेश्वराने त्या अडलेल्या मनुष्याचे कष्ट पाहिले, व लाबानाचे बोलणे ऐकूनही निवाडा याकोबाच्या बाजूने केला.

म्हणून ख्रिस्ती मनुष्याने स्वतःस एवढे विचारून थांबू नये की, “त्याने कबूल केले काय?” त्याने हेही विचारावे की, “त्याच्या घरी महिन्याचा दाणा असता, तर त्याने कबूल केले असते काय?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर तो दर आपण ठरवलेला नाही, त्याच्या अडचणीने ठरवला आहे, आणि शेजाऱ्याच्या अडचणीवर नफा काढणे यास शास्त्र जुलूम म्हणते.

आमच्या सबबी

दुसरी सबब अशी की, “सगळे एवढेच देतात.” गावाचा दर हा गावाच्या सवयीचा दर असतो. तो न्यायाचा दर असेलच असे नाही. जक्कयाच्या यरीहोतही सर्व जकातदारांची एकच रीत असेल. पण प्रभू घरी आल्यावर त्याने आपल्या सोबत्यांच्या दराकडे पाहिले नाही. त्याने आपली वही उघडली.

तिसरी सबब अधिक वजनाची आहे. लहान शेतकरी म्हणतो, “मलाच मालाचा भाव मिळत नाही, मी मजुराला कोठून देऊ?” या दुःखाची आम्ही थट्टा करीत नाही. ते खरे आहे. ज्याचा कांदा मातीमोल गेला, त्याचे हात बांधलेले असतात. तथापि एक गोष्ट पाहावी. ऊस कारखान्यास गेल्यावर चौदा दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्यास मिळावेत, व उशीर झाल्यास शेकडा १५ प्रमाणे व्याज मिळावे, असा १९६६ सालचा सरकारी हुकूम आहे. पैसे थकले म्हणजे शेतकरी रस्त्यावर उतरून आपला हक्क मागतो, आणि तो योग्यच मागतो. मग ज्याला चौदा दिवस लांब वाटतात, त्याने खुरपणाऱ्या बाईस “बाजाराच्या दिवशी ये, पट्टी आल्यावर ये,” असे चार आठवडे सांगावे काय? जो न्याय आपण वरच्याकडे मागतो, तोच खालच्यास द्यावा, हेच प्रभूने डोंगरावर शिकवले. आणि खरोखर हात आखडले असतील, तर काम सांगण्यापूर्वी तसे सांगावे. काम करून घेतल्यावर नव्हे. तोट्याची वाटणी आधी सांगून केली तर ते दुःख दोघांचे होते. मागाहून केली तर तो विश्वासघात होतो.

दर कसा ठरवावा

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात धन्यांना आज्ञा आहे की, त्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे; कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे. येथे शब्द दोन आहेत. ठरलेले पुरते देणे हा न्याय. ठरवतानाच त्याच्याकडे आपल्यासारखा मनुष्य म्हणून पाहणे ही समता. पुष्कळ जण पहिला शब्द पाळतात व दुसरा विसरतात. तेव्हा कामाला माणूस लावताना प्रत्येकाने पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत असे आम्ही सुचवतो.

पहिला : सरकारने ठरवलेले किमान वेतन किती आहे? १९४८ सालच्या कायद्यापासून ते आपल्या देशात ठरत आले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या वेतन संहितेने घेतली आहे. ख्रिस्ती मनुष्याला कायदा हा तळ आहे, छत नव्हे. त्याखाली उतरू नये. त्यावर मात्र जितके चढता येईल तितके चढावे.

दुसरा : माझा मुलगा किंवा मुलगी याच कामाला दुसऱ्याकडे गेली असती, तर हा दर मी पुरेसा मानला असता काय?

तिसरा : खर्चाचा अंदाज बांधताना मी मजुरी कोठे लिहिली? खत, बियाणे, डिझेल, व्याज हे सर्व वजा करून जे उरेल ते मजुराला, असा हिशेब असेल तर तो उलटा आहे. दुकानदार उधारीवर खत देताना थांबत नाही, म्हणून त्याचे आधी. मजूर गप्प बसतो, म्हणून त्याचे शेवटी, असे होऊ नये.

चौथा : बाईला व गड्याला एकाच कामाचे सारखे पैसे देतो काय? १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, आजच्या संहितेतही ती आज्ञा आहे. आणि आपल्या राज्याच्या रोजगार हमीच्या कामावर बायांना गड्यांइतकाच दर कित्येक वर्षांपूर्वीच मिळू लागला. तरी बहुतेक गावांच्या शिवारात बाईचा रोज कमीच. एका कोयत्यात तर तिचा पैसा नवऱ्याच्या नावाखाली दिसेनासाच होतो. ज्या प्रभूने विधवेच्या दोन दमड्या सर्वांदेखत मोजल्या, त्याला तिचे श्रम दिसत नाहीत काय?

पाचवा : माझे हजेरीचे पुस्तक रविवारी मंडळीत मोठ्याने वाचले गेले, तर मला मान खाली घालावी लागेल काय?

मुकादम व मजूर

जे बंधू मुकादमाचे काम करतात त्यांस आमचे दोन शब्द आहेत. तुमचे काम पापाचेच आहे असे आम्ही म्हणत नाही. कारखाना व मजूर यांच्यामध्ये तुम्ही उभे आहात, उचल बुडाली तर तुमचे घर बुडते, हे आम्ही जाणतो. परंतु नहेम्याच्या पाचव्या अध्यायाकडे लक्ष द्या. यरुशलेमात दुष्काळ पडला, लोकांनी शेते गहाण टाकली, पोरेबाळे बंधनात दिली. आणि त्यांना बांधणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने श्रीमंतांस सभेत बोलावून गहाणाची शेते त्याच दिवशी परत करावयास लावली, आणि आपला पदर झटकून सांगितले की, जो हा शब्द मोडील त्यास देव असाच झटकून टाको. मुकादम बंधूंनो, उचलीचा आकडा मजुरास वाचून दाखवा, व त्याच्या हाती लिहून द्या. टनाचा हिशेब आठवड्यास सांगा. चार महिन्यांनी नव्हे. आजारी बाईचा खाडा धरू नका. उचल फिटली नाही म्हणून कोणाची बायकापोरे अडकवून ठेवणे हे तर कायद्यानेही गुन्हा आहे व देवासमोर घोर पाप आहे.

मजूर बंधुभगिनींनो, तुम्हांसही हा न्याय लागू आहे. दोघा मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच वाटेने निघून जाणे, धनी दृष्टीआड होताच खुरपे खाली ठेवणे, मोळीत पाला घालून वजन वाढवणे, ही देखील चोरीच होय. तुमचा हक्क मागा, एकजुटीने मागा, त्यात लाज नाही. परंतु मागणारा हात स्वच्छ असावा.

मंडळी हीही धनी आहे

शेवटी एक गोष्ट, जी आपण सहसा बोलत नाही. मंडळी स्वतः लोकांना कामाला लावते. उपासनामंदिर झाडणारी बाई आहे, राखणदार आहे, उपदेशक आहे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे हे प्रभूचे वचन आपण उपदेशकांविषयी वाचतो. आणि त्याचे मानधन तीन महिने थकले, तरी “सेवा आहे, नोकरी नव्हे,” असे म्हणून मोकळे होतो. सेवेच्या नावाने दुसऱ्याची भाकर कापू नये. आपली फाटकी वही न शिवता जगाला हिशेब शिकवणाऱ्याचे कोण ऐकणार? पंचांनी पुढच्या सभेत पहिला विषय हा घ्यावा : मंडळी कोणाचे देणे लागते, व ते केव्हा फेडणार.

सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी वेदीपुढे धान्याच्या राशी पडतात. ते पाहून आमचे मन हर्षते. परंतु त्या राशीतील एखाद्या पोत्यात कोणा कापणाऱ्याची न दिलेली मजुरी असेल, तर त्या दिवशी आपल्या गीतांबरोबर तिचाही आवाज वर जातो, हे विसरू नये. ते पोते आधी त्याच्या घरी पोहोचवावे, मग वेदीकडे यावे.

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात यहोयाकीम राजा गंधसरूचा वाडा बांधतो, त्यास लाल रंग देतो, आणि शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो. त्याला परमेश्वर त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. योशीयाही खातपीत होता. पण त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. आणि परमेश्वर विचारतो की, मला ओळखणे ते हेच नव्हे काय? बंधुभगिनींनो, देवाची ओळख किती गीते पाठ आहेत यावरून ठरत नाही, आणि वाडा किती उंच आहे यावरूनही नाही. संध्याकाळ झाली, मजूर दारात उभा आहे, त्याची नजर आपल्या हाताकडे आहे. देवाची ओळख त्या घटकेस ठरते.

तो न्यायी प्रभू, ज्याने स्वतः सुताराच्या कामावर हात चालवले, तुम्हांस व आम्हांस स्वच्छ हात व जागे अंतःकरण देवो. आमेन.